लिहिले खरे, पण पाठवायचे कुठे?

वनजिल्ह्यांतील नव्या लेखक-लेखिकांसाठी चार अनुभवाच्या गोष्टी

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. सिंदेवाही तालुक्यातील एका खेड्यात वर्षावासानिमित्त ग्रंथवाचनाचा कार्यक्रम होता. आम्ही त्यासाठी गेलो होतो. वाचन आटोपले, चहा झाला, आयाबाया घराकडे वळल्या. आम्ही चप्पल शोधत असताना एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी जवळ आली. हातात दोनशे पानी वही.

"जयभीम काका. तुम्ही पेपरात लिहिता ना? मग हे कुठं छापून येईल ते सांगा. नाही येणार असेल तर तसंही सांगा, मी वही रद्दीत घालते."

आम्ही विहाराच्या पायरीवर बसून वही उघडली. तिची आई दरवर्षी धानाची कापणी-मळणी आटोपली की गावातल्या इतर बायांसोबत मिरची तोडायला तेलंगणात जाते. मागे राहतात ही मुलगी, धाकटा भाऊ आणि म्हातारी आजी. आई परत येते तेव्हा तिच्या बोटांची आग पंधरा-पंधरा दिवस जात नाही, म्हणून भाकरीचे पीठ मुलगीच मळते. हे सारे तिने सोळा पानांत लिहिले होते. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, काही वाक्ये तीनदा आली होती, पण असे लिखाण शहरातल्या टेबलावर बसून होत नाही.

तिने तो मजकूर एका मोठ्या दैनिकाच्या पुरवणीकडे दोनदा पाठवला होता. दोन्ही वेळा काहीच उत्तर आले नाही. त्यावरून तिने एवढाच निष्कर्ष काढला, की आपल्याला लिहिता येत नाही.

वाचकहो, हा निष्कर्ष आम्हीही एकदा काढला होता. त्याची किंमत काय पडली ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे सांगण्याला अर्थ नाही.

आमची गेलेली चार वर्षे

सन २००२ मध्ये आम्ही बी.कॉम. होऊन बेकार होतो. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर हिशेब लिहायचे काम मिळाले. पहाटे अंधारात रानात जायचे, पाने तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि सायंकाळी फळीवर मोजून द्यायचे, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. त्यावर मोठा लेख लिहिला आणि एका नामांकित दैनिकाच्या रविवार पुरवणीकडे पाठवला. सोबत परतीचे तिकीट लावलेले पाकीट जोडले होते. तेच पाकीट दीड महिन्यांनी घरी आले. आत आमचाच लेख आणि 'साभार परत' असा छापील कागदाचा तुकडा.

ती पुरवणी आम्ही त्यापूर्वी एकदाही नीट वाचली नव्हती. नंतर वाचनालयात जाऊन पाहिली. त्यात चित्रपट, पाककृती आणि शहरातल्या प्रदर्शनांची माहिती होती. फळीवरच्या लेखाला तिथे जागाच नव्हती. दोष लेखाचा नव्हता आणि संपादकाचाही फारसा नव्हता, पत्ता चुकला होता. पण तेव्हा हे कळले नाही. आम्ही लिहिणे सोडले.

पुढे चार वर्षे आम्ही एक ओळ लिहिली नाही. त्याच काळात, सन २००५ मध्ये, आमची आजी गेली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा आजी मूलजवळच्या खेड्यातून बंडीने तिथे गेली होती. पोटात आमचे वडील होते. ती ही हकिकत नेहमी सांगायची आणि आम्ही "हो आजी, हो आजी" म्हणत ऐकायचो. गावातून किती बंड्या निघाल्या, रात्री मुक्काम कुठे झाला, कोणत्या विहिरीवर पाणी मिळाले, परत आल्यावर घरातले देव कुठे नेऊन सोडले, हे सारे तिच्यापाशी होते. आम्ही लिहिते असतो तर वही घेऊन तिच्याजवळ बसलो असतो. आज आमच्यापाशी त्यातल्या तीन-चारच गोष्टी उरल्या आहेत. एका छापील चिठ्ठीवर रुसून आम्ही हे गमावले. म्हणून त्या मुलीला आम्ही म्हटले, "बाई, वही रद्दीत घालू नकोस. पत्ता बदलू."

आपले पूर्वज कुठे लिहीत होते?

नवा लेखक समजतो, की मोठ्या नावाच्या वृत्तपत्रात छापून आले तरच आपण लेखक. आपल्या समाजाचा इतिहास काही निराळेच सांगतो. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध सन १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या मिशनरी नियतकालिकात छापून आला. तो तिथे आला म्हणून टिकला आणि आज विद्यापीठांत अभ्यासला जातो. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर 'दीनबंधू' पत्रात लिहीत. ते पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केले होते.

आपल्या विदर्भाचेच उदाहरण घ्या. मोहपा गावात १८७९ मध्ये जन्मलेले किसन फागूजी बनसोडे यांनी नागपुरात स्वतःचा छापखाना काढला आणि १९१० मध्ये 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३ मध्ये 'विटाळ विध्वंसक', तर १९१८ मध्ये 'मजूर पत्रिका' ही पत्रे काढली. एक पत्र बंद पडले की दुसरे काढायचे, हा त्यांचा खाक्या होता.

डॉ. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साह्य केले. त्या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने छापली नाही, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याला लिहून काढावे लागत, कारण लिहिणारी माणसे मिळत नव्हती. हे वाक्य नव्या लेखकाने मनात ठेवावे. लहान पत्राला वर्गणीदार लागतात, तसेच लिहिणारेही लागतात. आपण तिथे लेख पाठवतो तेव्हा दारात याचक म्हणून उभे नसतो. आपण त्याची एक गरज भागवत असतो.

नंतरच्या काळातही तेच झाले. नागपूरचे डॉ. गंगाधर पानतावणे औरंगाबादला प्राध्यापक झाले आणि तिथून त्यांनी 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक चालवले. दलित साहित्यातील एका अख्ख्या पिढीने त्याच्या पानांवर लिहिले. पानतावणे सर २०१८ मध्ये गेले, पण त्या अंकांचे गठ्ठे आजही संशोधक शोधत असतात.

भगिनींनी फलटणच्या बेबीताई कांबळे यांची हकिकत अवश्य लक्षात ठेवावी. त्यांचे लहानसे दुकान होते. सामान बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या वाचत आणि दुकानात बसल्या बसल्या लिहीत. लिहिलेले अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लिखाण बाहेर आले, 'स्त्री' मासिकातून क्रमशः छापले गेले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. बेबीताई रद्दीतून वाचायला शिकल्या, आणि आमची ही मुलगी आपले लिखाण रद्दीत घालायला निघाली होती!

अंक शोधावे कुठे?

आमच्याकडील मुलांची तक्रार अशी, की चंद्रपूर-गडचिरोलीत चांगली मासिके मिळतच नाहीत. तक्रार अर्धी खरी आहे. भामरागड किंवा कोरचीच्या बसस्थानकावर साहित्यिक त्रैमासिक मिळणार नाही. पण शोधायच्या जागा आहेत.

पहिली जागा सार्वजनिक वाचनालय. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. तालुक्याच्या वाचनालयात नियतकालिकांचे टेबल असते. ग्रंथपालांना विचारून मागील वर्षाचे अंक काढायला लावावे. चंद्रपूर आणि गडचिरोली येथे जिल्हा ग्रंथालये आहेत, तिथे एक पूर्ण दिवस द्यावा.

दुसरी जागा दीक्षाभूमी. दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आणि अशोक विजयादशमीला नागपुरात पुस्तकांची दुकाने लागतात. लोक बाबासाहेबांचे ग्रंथ घेतात, ते घ्यावेतच. पण त्याच दुकानांत लहान-लहान मासिके, पाक्षिके आणि विशेषांकही मांडलेले असतात. नवोदिताने त्यातले चार-पाच निरनिराळे अंक विकत घ्यावेत. चहापाण्याच्या खर्चात वर्षभराचे पत्ते मिळतात.

तिसरी जागा आपले महाविद्यालय. वार्षिकांकाला मुले हसतात, पण आपले नाव पहिल्यांदा छापील पाहण्याची ती सर्वांत जवळची जागा आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीला झाल्यापासून आपल्या मुलांना त्यासाठी नागपूरकडे तोंड करून बसावे लागत नाही.

चौथी जागा कर्मचारी संघटना, शिक्षक संघटना आणि सहकारी संस्था यांची मुखपत्रे. आमचा स्वतःचा उद्धार इथेच झाला. सन २००६ मध्ये नोकरीत लागल्यावर कार्यालयातील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने संघटनेच्या सभेचा वृत्तांत आमच्याकडून लिहून घेतला. तो मुखपत्रात छापून आला. अडीचशे शब्दांचा सभावृत्तांत तो! पण चार वर्षांची गाठ त्याने सुटली. त्यानंतर रोवणीच्या दिवसांतील सर्पदंशावर आम्ही जिल्ह्याच्या एका लहान साप्ताहिकात लिहिले. मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, एवढाच साधा मजकूर होता. एका गुरुजींनी ते कात्रण शाळेच्या फळ्यावर चिकटवले. मोठ्या दैनिकात ते एका दिवसात शिळे झाले असते. त्या शाळेत ते अख्खा पावसाळा राहिले.

योग्य अंक ओळखायचा कसा?

एखाद्या नियतकालिकाचे किमान तीन अंक वाचल्याशिवाय तिथे काही पाठवू नये. वाचताना हातात पेन्सिल घेऊन पाच गोष्टी टिपाव्यात.

एक, वाचक कोण आहे? शिक्षक, गृहिणी, शेतकरी, कार्यकर्ता की साहित्याचा अभ्यासक? जाहिराती आणि वाचकांची पत्रे पाहिली की हे लगेच कळते.

दोन, बाहेरच्या लेखकांना जागा आहे काय? प्रत्येक अंकात तीच चार नावे असतील तर दार बंद समजावे. दर अंकात दोन-तीन नवी नावे दिसली तर ते दार उघडे आहे.

तीन, लेख केवढे असतात? सदराचे शब्द खरोखर मोजावेत. सातशे शब्दांच्या सदरात तीन हजार शब्द पाठवणे म्हणजे संपादकाला आपण अंक वाचला नाही असे स्वतःहून कळवणे होय.

चार, अंक नियमित निघतो काय? शेवटच्या पानावर तळाशी मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व छपाईचे ठिकाण असते. ती ओळ वाचावी. नियतकालिकांचा १८६७ चा जुना कायदा जाऊन मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आहे. पूर्वी ज्याला आर.एन.आय. म्हणत, ते नोंदणीचे काम आता प्रेस रजिस्ट्रार जनरल पाहतात. नोंदणी क्रमांक नसेल, अंकावर तारीख नसेल, पत्ता नुसता मोबाईलचा असेल, तर जपून राहावे.

पाच, आपला विषय तिथल्या कोणत्या सदरात बसतो? सदराचे नाव सांगता आले नाही, तर तो अंक आपल्यासाठी नव्हे.

नमुन्यादाखल काही नावे सांगतो. स्त्रीजीवनावरील लिखाणासाठी पुण्याहून विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेले 'मिळून साऱ्याजणी' मासिक आहे. सामाजिक प्रश्नांवरील विवेचनासाठी साने गुरुजींनी १९४८ मध्ये काढलेले 'साधना' साप्ताहिक आहे. मुलांसाठी लिहायचे असेल तर बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून आहे. कवींसाठी धुळ्याचे 'कविता-रती' आणि विदर्भातील साहित्यिकांसाठी विदर्भ साहित्य संघाचे 'युगवाणी' आहे. ही नावे पाठ करण्यासाठी सांगितलेली नाहीत. प्रत्येकाचा वाचक वेगळा आहे, एवढेच त्यातून पाहावे. एकाच लेखाची पाच ठिकाणी पाच पाकिटे करणाऱ्याला हे कळलेले नसते.

आपल्या बोलीत लिहिणाऱ्यांनीही संकोच करू नये. झाडीबोलीच्या चळवळीसाठी साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी अपार कष्ट घेतले आणि १९९२ पासून झाडीबोलीची साहित्य संमेलने भरू लागली. ज्यांना संवाद लिहिता येतात त्यांच्यासाठी झाडीपट्टीची रंगभूमी आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा परिसरातून निघणाऱ्या नाटक मंडळ्या गावोगावी रात्ररात्र प्रयोग करतात. याच रंगभूमीवरील डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. लिहिणाऱ्याचे घर फक्त मासिकातच असते असे नाही.

पाठवण्याची रीत

हस्तलिखित पाठवायचे तर कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे समास सोडून, सुवाच्य लिहावे. आता बहुतेक संपादक मोबाईलवर किंवा ई-मेलवर युनिकोड मजकूर मागतात. फोटो काढून पाठवलेली वहीची पाने कोणी पुन्हा टाइप करीत बसत नाही. पूर्वी महत्त्वाचे पाकीट आपण रजिस्टर्ड टपालाने पाठवत असू. ती सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, तेव्हा टपालानेच पाठवायचे असेल तर स्पीड पोस्टची पावती जपून ठेवावी. आणि काहीही पाठवा, मूळ प्रत घरी ठेवा.

सोबतचे पत्र पाच ओळींचे असावे. आपण कोण, कुठे राहतो, लेख कशावर आहे, किती शब्दांचा आहे, कोणत्या सदरासाठी आहे आणि तो पूर्वी कुठे छापलेला नाही. "मी लहानपणापासून साहित्याचा उपासक आहे" वगैरे काही लिहू नये. उलट "माझी आई अकरा वर्षे मिरची तोडायला जाते" हे एक वाक्य संपादकाला थांबवते.

वेळही पाहावी. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर यांच्या विशेषांकांसाठी मजकूर दीड-दोन महिने आधी पोहोचला पाहिजे. दिवाळी अंकाची परंपरा 'मनोरंजन'कार का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये सुरू केली. त्या अंकांची जुळवाजुळव पावसाळ्याच्या आरंभीच सुरू होते. नवरात्रात पाठवलेली कथा त्या वर्षी कोणी वाचत नाही. एक लेख एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावा आणि तीन महिने वाट पाहावी. उत्तर आले नाही तर एक नम्र स्मरणपत्र टाकावे आणि मग दुसरीकडे पाठवावा.

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे जमाखर्च सुटत नाही. आमच्यापाशी एक नोंदवही आहे. तिच्यात तारीख, लेखाचे नाव, कुठे पाठवला, खर्च, उत्तर, छापून आल्याचा अंक आणि मानधन असे सात रकाने आहेत. पहिल्या तीन वर्षांत खर्चाची बाजूच जड होती, हे प्रामाणिकपणे सांगतो. बहुतेक लहान नियतकालिके मानधन देऊ शकत नाहीत. काही अंकाच्या दोन प्रती देतात, काही तेवढ्याही देत नाहीत. या लिखाणावर घर चालेल असे कोणी समजू नये. पण वही ठेवली की 'सगळीकडून नकार' ही भावना खोटी ठरते. आमच्या वहीत एका वर्षी चौदा नोंदी आणि पाच लेख छापलेले निघाले. मनाने मात्र आम्ही वर्षभर 'काहीच येत नाही' म्हणत होतो.

सावधगिरीच्या दोन गोष्टी

पहिली पैशाची. "प्रातिनिधिक काव्यसंग्रह काढतो, प्रत्येक कवीने इतके पैसे भरावेत", "राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाली, प्रवेश फी पाठवा", अशी पत्रे आता मोबाईलवर रोज येतात. मजुरी करणाऱ्या आईबापाच्या पोराने त्यात हजार-दोन हजार घालवलेले आम्ही पाहिले आहेत. आपल्या आवडत्या अंकाची वर्गणी भरणे हे कर्तव्य आहे. छापून येण्यासाठी पैसे भरणे हा मात्र सौदा आहे, आणि तो तोट्याचा आहे.

दुसरी नावाची. आमचा एक लेख एकदा दुसऱ्याच माणसाच्या नावाने छापून आला. कुठे ते सांगत नाही. आम्ही भांडलो, पण हातात प्रत नव्हती, पावती नव्हती. म्हणून कायद्याचे एवढे माहीत असावे, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे लिहिणारा माणूस हाच आपल्या लेखाचा पहिला मालक असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे समजतात. आणि हक्क दिले तरी 'हे मी लिहिले' असे म्हणण्याचा अधिकार लेखकापाशीच राहतो. जे नोकरीत आहेत त्यांनी मात्र आपल्या आस्थापनेचे नियम पाहूनच लिहावे.

त्या वहीचे पुढे काय झाले?

पुढच्या रविवारी ती मुलगी आणि आम्ही तालुक्याच्या वाचनालयात बसलो. दुपारपर्यंत तिने सात नियतकालिकांचे अंक चाळले. मग तिचे तिलाच उमगले, की सोळा पानांत एक नव्हे, तीन लेख आहेत. मिरचीच्या हंगामात आईबापासोबत जाणाऱ्या मुलांची शाळा बुडते, हा साडेचारशे शब्दांचा मजकूर जिल्ह्याच्या साप्ताहिकासाठी वेगळा काढला. आईच्या बोटांची आणि घरच्या भाकरीची हकिकत बायकांच्या एका मासिकासाठी. आणि आजीच्या तोंडच्या ओव्यांवर लिहिलेली दोन पाने महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी.

साप्ताहिकाचा मजकूर आम्ही मुद्दाम डिसेंबरच्या आरंभी पाठवायला सांगितला, कारण गाड्या भरून माणसे जातात ती त्यानंतर. तो तिसऱ्या आठवड्यात आला. दोन गावच्या शिक्षकांनी तिच्या महाविद्यालयात फोन करून आणखी माहिती विचारली. मासिकाकडून उत्तर यायला अडीच महिने लागले. संपादकांनी नकार दिला नव्हता, सहा प्रश्न विचारले होते. मजुरी दिवसावर की किलोवर? राहायला काय असते? आजारी पडल्यावर कोण पाहते? मुलीला यातली चार उत्तरे माहीत नव्हती. ती आईच्या परतण्याची वाट पाहत राहिली. आई आल्यावर रात्री दिव्याजवळ बसून तिने एकेक प्रश्न विचारला. ती आम्हाला म्हणाली, "काका, इतकी वर्षं आई जाते, पण मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं."

लेख जूनमध्ये आला. सोबत पाचशे रुपये मानधन. तिने नोंदवहीच्या सातव्या रकान्यात ते लाल शाईने लिहिले. रोवणीच्या तोंडावर एका रात्री तिने तो आईला वाचून दाखवला. लेखात तिने आईचे नाव बदलले होते, ठेकेदार रागावेल या धास्तीने. आईने सारे ऐकून घेतले, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली,

"सारा मावाच हाय. पन माहा नाव काहून नाही टाकला व बाई?"

मुलीपाशी उत्तर नव्हते. आमच्यापाशीही नाही. ठेकेदाराची धास्ती खोटी नव्हती, आणि आईचा प्रश्नही खोटा नव्हता. पुढचा लेख लिहिण्याआधी आईला विचारून लिहायचे, एवढे तिने ठरवले आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्या प्रत्येक वस्तीत अशी एक तरी वही फडताळात पडलेली आहे. आणि १९५६ ची वाट चालून आलेले एखादे म्हातारे माणूस अजून अंगणात खाटेवर बसलेले आहे. त्या वहीला योग्य पत्ता शोधून द्या. आणि पत्ता मिळेपर्यंत त्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून लिहून घ्या. पत्ता उशिरा मिळाला तरी चालतो. आमची आजी मात्र आमच्यासाठी थांबली नाही.